ओल्या कचऱ्यातला कोळसा : १९१३ मध्ये सापडलेली आणि मग हरवलेली वाट

१/
आपल्या घरात आज दोन डबे असतात. एक सुक्या कचऱ्याचा, दुसरा ओल्या कचऱ्याचा. सुक्याचे काय होते हे थोडेफार ठाऊक असते; ओल्याचा प्रश्न मात्र शहरांना अजून नीट सुटलेला नाही. भाजीची देठे, फळांच्या साली, उसाचा चोथा, मैल्याचा गाळ या सर्वांत अर्ध्याहून अधिक पाणीच असते. आजचा धागा या ओल्या पदार्थापासून कोळसा करण्याच्या एका विद्येविषयी आहे. ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सापडली, तिच्या शोधकाला पुढे नोबेल पारितोषिकही मिळाले, आणि तरीही ती जवळजवळ विस्मरणात गेली. ती का विसरली गेली, हा या धाग्याचा खरा विषय.

२/
आधी अडचण समजून घेऊ. कोळसा करण्याची जुनी रीत आपल्याकडे लोणारी कोळशाच्या रूपाने परिचित आहे. वाळलेली लाकडे रचायची, माती-पाल्याने झाकायची, आणि हवा जेमतेम मिळेल अशा बेताने ती आतल्या आत धुमसू द्यायची. लाकडातील पाणी व वायू निघून जातात आणि कार्बन मागे उरतो. जगात हजारो वर्षे हेच चालत आले. या रीतीची एक अट मात्र कठोर आहे : कच्चा माल कोरडा हवा.

३/
ओला माल घेतला तर? हिशोब करून पाहू. समजा, ५ किलो ओला कचरा आहे आणि त्यात ८० टक्के पाणी आहे. म्हणजे ४ किलो पाणी, १ किलो कोरडा पदार्थ. १ किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. चार किलोंसाठी नऊ हजार, आणि पाणी उकळीपर्यंत आणायला आणखी हजार-दीड हजार. त्या १ किलो कोरड्या पदार्थात एकूण ऊर्जा असते साधारण १७,००० किलोज्यूल. म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा नुसते वाळवण्यात खर्च. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

४/
या अडचणीशी पहिली झुंज घेतली गेली ती उत्तर युरोपात, आणि तीही कचऱ्यासाठी नव्हे. तिथल्या दलदलींत ‘पीट’चे प्रचंड साठे आहेत. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून शतकानुशतके साचलेल्या वनस्पतींचा थर. तो वाळवून जाळता येतो. पण दलदलीतून काढताना त्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. शिवाय ते पाणी स्पंजासारखे पिळून निघत नाही. पीटमधील चिकट, बुळबुळीत द्रव्य ते घट्ट धरून ठेवते. यंत्राने कितीही दाबले तरी फारसा उपयोग होत नाही.

५/
मार्टिन एकेनबर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी यावर तोड काढली. ओले पीट तसेच बंद नळ्यांत, दाबाखाली, १५० अंश सेल्सियसच्या वर तापवायचे. दाबामुळे पाण्याची वाफ होत नाही, पण उष्णतेने ते चिकट द्रव्य मोडते. मग पाणी सहज पिळून काढता येते. या रीतीला ‘ओले कार्बनीकरण’ असे नाव मिळाले, आणि तिच्या आधारे स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीजजवळ कारखानाही उभा राहिला.

६/
एकेनबर्गचा शेवट मात्र चमत्कारिक झाला. १९०४ आणि १९०९ मध्ये स्वीडनमधील उद्योग-व्यवसायातील व्यक्तींना टपालाने स्फोटके पाठवली गेली. संशय याच संशोधकावर आला. लंडनमध्ये त्याला अटक झाली, आणि खटला उभा राहण्यापूर्वीच १९१० मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. आज त्याचे नाव निघते ते टपाली बॉम्बच्या इतिहासात; पीटच्या इतिहासात क्वचितच. विस्मरणाचे हे पहिले उदाहरण ध्यानात ठेवा.

७/
आता मुख्य पात्राकडे. फ्रीड्रिश बेर्गिउस. जन्म १८८४, तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ शहराजवळ; हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्स्वाफ. वडिलांचा रासायनिक कारखाना होता, त्यामुळे रसायने आणि यंत्रे त्याला लहानपणापासून परिचयाची. शिक्षण ब्रेस्लाउ आणि लाइप्झिग येथे झाले. नंतर त्याने बर्लिनमध्ये वाल्थर नेर्न्स्ट आणि कार्ल्सरूहे येथे फ्रिट्झ हाबर यांच्या हाताखाली काम केले. हाबरकडे त्या काळी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याचे प्रयोग चालू होते. प्रचंड दाबाखाली पदार्थ वेगळे वागू लागतात, हा धडा तरुण बेर्गिउसने तिथे घेतला.

८/
पुढे हॅनोव्हरमध्ये त्याने स्वतःची खाजगी प्रयोगशाळा थाटली. तिथे तो स्वस्त हायड्रोजन मिळवण्याच्या खटपटीत होता : कोळसा आणि पाणी यांची उच्च दाबाखाली अभिक्रिया घडवून. हे करता करता त्याचे लक्ष एका जुन्या कोड्याकडे वळले. दगडी कोळसा वनस्पतींपासून झाला, हे एकोणिसाव्या शतकात बहुतेकांनी मान्य केले होते. पण नेमका कसा? निसर्गाला ज्यासाठी कोट्यवधी वर्षे लागली, ते प्रयोगशाळेत काही तासांत घडवून पाहता येईल का?

९/
त्याने सेल्युलोज आणि पीट घेतले, पाण्यात टाकले, जाड पोलादी भांड्यात बंद केले आणि २५० ते ३४० अंशांपर्यंत तापवले. ३४० अंशांना पाणी द्रव ठेवायचे तर वातावरणाच्या सुमारे १४५ पट दाब सोसणारे भांडे हवे. आपल्या घरातला कुकर १२० अंशांच्या आसपास, वातावरणाच्या दुप्पट दाबाला शिट्टी देतो. यावरून त्या भांड्याची कल्पना करा. काही तासांनी झाकण उघडले तेव्हा आत काळा पदार्थ होता, आणि त्याची रासायनिक घडण नैसर्गिक दगडी कोळशाच्या जवळ जाणारी होती.

१०/
आत काय घडले होते? वनस्पतीतील सेल्युलोजमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. वजनाने पाहिले तर कार्बन जेमतेम ४४ टक्के. तापलेल्या द्रव पाण्यात सेल्युलोजच्या साखळ्या तुटून साखरा होतात. मग त्या साखरांतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्याच रूपात निघून जातात. उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन कार्बनने समृद्ध असा घन पदार्थ तयार होतो. गंमत अशी की, पाण्यात बुडालेला पदार्थ रासायनिक अर्थाने ‘वाळतो’. आणि या क्रियेत थोडी उष्णता बाहेरही पडते.

११/
इथे पाण्याची भूमिका दुहेरी आहे. तापलेले पाणी स्वतःच अभिक्रियेला मदत करते. शिवाय ती बाहेर पडणारी उष्णता शोषून सगळीकडे सारखी पसरवते. पाण्यावाचून पीट तापवले तर कुठे कुठे तापमान एकदम चढते आणि घडण बिघडते. लोणारी भट्टीत जे पाणी शत्रू होते, तेच बेर्गिउसच्या भांड्यात सहकारी झाले. आणि ते वाफ होऊन निसटत नसल्यामुळे, वर मांडलेला तो वाळवण्याचा महागडा हिशोबच टळला.

१२/
हे सर्व त्याने १९१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. रासायनिक क्रियांत उच्च दाबाचा उपयोग आणि दगडी कोळशाच्या निर्मितीची प्रतिकृती, असा त्याचा दुहेरी विषय होता. हूगो श्पेश्ट हा त्याचा सहकारी. आज या क्रियेला ‘हायड्रोथर्मल कार्बनायझेशन’ म्हणतात, मराठीत ‘जलौष्णिक कार्बनीकरण’ म्हणता येईल. आणि तिच्या इतिहासाचा आरंभ याच पुस्तकापासून धरला जातो.

१३/
मग पुढे काय झाले? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायला हवे : हा प्रयोग त्या काळातील लोकांना *कशाचे उत्तर* वाटला? कचऱ्याचे नव्हे. भूशास्त्रज्ञांना तो कोळशाच्या जन्मकथेतील पुरावा वाटला. आणि तिथेही वाद झाला. १९२१ मध्ये म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेतील फ्रान्झ फिशर आणि हान्स श्राडर यांनी वेगळे मत मांडले : दलदलीतील सेल्युलोज तर जिवाणूच खाऊन टाकतात, मागे उरते ते लाकडाला कणखरपणा देणारे ‘लिग्निन’, आणि कोळसा होतो तो त्यापासून. बेर्गिउसचा प्रयोग अशा रीतीने एका शास्त्रीय वादातील एक बाजू होऊन बसला.

१४/
खुद्द बेर्गिउसला तरी तो काय वाटला? एक पायरी. कोळसा कृत्रिमरीत्या घडवता येतो, तर त्याची घडण पुढे बदलताही यावी. त्याच सुमारास, १९१३ मध्येच, त्याने उच्च दाबाखाली कोळशात हायड्रोजन मिसळून त्याचे द्रव इंधन करण्याची रीत शोधली आणि तिचे पेटंट घेतले. जर्मनीत कोळसा भरपूर, खनिज तेल जवळजवळ नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, आणि ब्रिटिश आरमाराने जर्मनीचा समुद्रमार्ग रोखला. आता सांगा, अशा देशाला कशात रस वाटेल : ओल्या पाल्यापासून कोळसा करण्यात, की कोळशापासून पेट्रोल करण्यात?

१५/
उत्तर उघड होते. मानहाइमजवळ राइनाऊ येथे बेर्गिउसने मोठ्या प्रमाणावरील प्रयोगांसाठी कारखाना उभारला. खर्च अवाढव्य होता. अखेर १९२५ मध्ये त्याचे हक्क बी.ए.एस.एफ. या कंपनीकडे गेले, आणि ती कंपनी लगेचच ‘आय. जी. फार्बेन’ या महाकाय उद्योगसमूहात विलीन झाली. १९२७ मध्ये लॉयना येथे लिग्नाइट कोळशापासून पेट्रोल निघू लागले. १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल कार्ल बॉश आणि बेर्गिउस यांना विभागून मिळाले, उच्च दाबाच्या रासायनिक पद्धती विकसित केल्याबद्दल. १९१३ चे ते काळे ढेकूळ या गौरवाच्या पायाशी होते, पण त्याच्याकडे पाहायला आता कुणाला सवड नव्हती.

१६/
या पेट्रोलची पुढची कथा काळी आहे, आणि ती टाळून हा धागा पूर्ण होणार नाही. हिटलरच्या राजवटीने स्वयंपूर्णतेच्या नावाखाली असे कारखाने झपाट्याने वाढवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचे बहुतांश इंधन याच रीतीने तयार होत होते. ब्लेखहामर येथील अशा एका कारखान्यात राबवण्यासाठी ऑश्विट्झ छळछावणीची उपछावणीच ठेवलेली होती. १२ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी लॉयना आणि अन्य इंधन कारखान्यांवर मोठा हल्ला चढवला. त्यानंतर जर्मन वायुदलाला इंधनाची जी चणचण भासू लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१७/
बेर्गिउस स्वतः या काळात दुसऱ्याच वाटेला लागला होता. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने लाकडाचे विघटन करून त्यापासून साखर आणि जनावरांचे खाद्य मिळवण्याच्या प्रयत्नांत त्याने वर्षे घालवली. युद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत त्याला स्थान उरले नाही. तो देश सोडून निघाला आणि अखेर अर्जेंटिनात पोचला. ३० मार्च १९४९ रोजी ब्युनोस आयर्समध्ये त्याचे निधन झाले. लक्षात घ्या, वनस्पतीपासून काही मोलाचे घडवावे, हा ध्यास त्याने आयुष्यभर सोडला नव्हता. काळाला मात्र त्याच्याकडून एकच वस्तू हवी होती.

१८/
ओली वाट अगदीच बुजली नाही. ती पायवाट होऊन इकडेतिकडे चालू राहिली. डार्मस्टाटमध्ये एर्न्स्ट बेर्ल याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेल्युलोज आणि तापलेले पाणी यांवर काम सुरू ठेवले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच या ज्यू वंशाच्या प्राध्यापकाला देश सोडावा लागला, आणि उरलेले काम त्याने अमेरिकेत पिट्सबर्ग येथे केले. इंग्लंडात १९३० च्या दशकात पोर्टियस नावाच्या अभियंत्याने सांडपाण्याचा गाळ दाबाखाली तापवून पिळण्याची रीत वापरात आणली. नेदरलँड्सचा कोळसातज्ज्ञ व्हान क्रेव्हेलेन याने पुढे कृत्रिम कोळशाचा आणि नैसर्गिक कोळशाचा प्रवास एकाच आलेखावर मांडून दाखवला.

१९/
पाहा, भांडे एकच आहे. एकेनबर्गला त्यात पिळता येण्याजोगे पीट दिसले, बेर्गिउसला कोळशाची जन्मकथा, बेर्लला वनस्पतीजन्य इंधन, पोर्टियसला गाळाची विल्हेवाट. प्रत्येकाने आपापला प्रश्न घेऊन त्या भांड्याचे झाकण उघडले आणि आपापले उत्तर घेऊन तो निघून गेला. या सर्वांना एकत्र बांधणारा प्रश्न तोवर जगाने विचारलाच नव्हता. खनिज तेल स्वस्त होते, कचरा गावाबाहेर टाकता येत होता, आणि हवेतील कार्बनचा हिशोब ठेवण्याची गरज कुणाला भासत नव्हती.

२०/
तो प्रश्न एकविसाव्या शतकात विचारला गेला. २००१ मध्ये चिनी संशोधकांनी साखरेच्या पाण्यापासून याच रीतीने कार्बनचे अतिसूक्ष्म, एकसारखे गोळे घडवले आणि ते लिथियम बॅटरीसाठी तपासले. मग २००६-०७ च्या सुमारास जर्मनीतच, पॉट्सडामजवळच्या माक्स प्लांक संस्थेत, मार्कुस अँटोनिएटी, मारिया-माग्दालेना टिटिरिची आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या सुया, ओकची पाने, संत्र्याच्या साली अशा पदार्थांवर हा प्रयोग केला. तापमान २०० अंशांच्या आसपास, दाब वातावरणाच्या साधारण सोळा पट, वेळ काही तासांचा. झाडाने हवेतून ओढून घेतलेला कार्बन पुन्हा हवेत जाऊ न देता घन रूपात धरून ठेवता येईल, हा विचार त्यांनी ठामपणे मांडला. जुन्या भांड्याला नवा प्रश्न मिळाला.

२१/
या कोळशाला आज ‘हायड्रोचार’ म्हणतात. ते जाळता येते, त्यापासून पाणी शुद्ध करणारा सच्छिद्र कार्बन बनवता येतो, बॅटरीसाठी कार्बन करता येतो, मातीत मिसळता येते. पण भाबडेपणा नको. भट्टीतल्या कोरड्या कोळशापेक्षा ते मातीत लवकर कुजते. ताजे हायड्रोचार कधी कधी रोपांना अपायही करते. मागे उरलेले काळपट पाणी सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले असते आणि ते शुद्ध केल्यावाचून सोडता येत नाही. मैल्याच्या गाळातील जड धातू नाहीसे होत नाहीत. दाब सोसणारी यंत्रे महाग आहेतच.

२२/
आपल्या अंगणातील एक दाखला इथे आठवतो. ऊस तोडल्यावर शेतात उरणारे पाचट आपल्याकडे सर्रास पेटवले जाते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने त्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत विकसित केली, आणि २००२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट वाळलेले असते, म्हणून तिथे कोरडी भट्टी योग्यच होती. त्याच संस्थेने खरकट्यापासून स्वयंपाकाचा गॅस करण्याचे छोटे संयंत्रही घडवले. कोरड्याला कोरडी वाट, ओल्याला ओली. पदार्थाचा स्वभाव ओळखून रीत निवडणे, हेच मुळात शहाणपण आहे.

२३/
आता धाग्याच्या आरंभीचा प्रश्न. ही विद्या का विसरली गेली? कुणी दडपली म्हणून? नाही. ती चुकीची ठरली म्हणून? तेही नाही. ती १९१३ पासून पुस्तकात छापलेली होती, ग्रंथालयांत उपलब्ध होती. तिच्याकडे नेणारा प्रश्न मात्र समाजाजवळ नव्हता. युद्धाने एका शोधकाच्या कामातून हवे ते उचलले आणि उरलेले तसेच ठेवले. विस्मरण ही पोकळी नसते, मित्रहो. तीही एक ऐतिहासिक घटना असते. तिलाही कारणे असतात, तारखा असतात, आणि लाभार्थीही असतात.

२४/
म्हणून दोन मोह टाळावेत. पहिला, बेर्गिउसला पर्यावरणाचा द्रष्टा ठरवण्याचा. त्याच्या मनात हवामानबदल नव्हता. आपला प्रश्न त्याच्या तोंडी घालणे हा त्याच्यावर अन्याय आणि इतिहासाशी अप्रामाणिकपणा. दुसरा मोह, त्याला केवळ युद्धाच्या पेट्रोलचा जनक म्हणून हातावेगळा करण्याचा. त्याची रीत छळछावणीच्या कुंपणापर्यंत पोचली हे खरे. त्याच हातांनी पाण्यात बुडालेल्या पाल्याचा कोळसा करून दाखवला हेही खरे. दोन्ही सत्ये एकाच माणसाच्या चरित्रात शेजारी शेजारी ठेवून पाहता येणे, हीच इतिहासाच्या अभ्यासाची कसोटी.

२५/
इतिहास वाचताना आपण बहुधा विजेत्या कल्पनांचा माग काढतो. कधी तरी उलट करून पाहा. एखादे जुने पुस्तक उघडा आणि त्यातले कोणते पान काळाने न वाचताच उलटले, ते शोधा. उद्याच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर तिथे दबून पडलेले असेल. आज रात्री ओल्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना बेर्गिउसचे ते पोलादी भांडे आठवले, तर हा धागा सार्थकी लागला असे समजेन.

तुमच्या वाचनात अशी एखादी ‘छापलेली पण विसरलेली’ विद्या आली असेल, तर खाली अवश्य लिहा. चांगल्या दाखल्यांवर पुढचा धागा करू.